अमावास्येजवळचा शनिवार

मुलुंडहून ध्रुव तारा दोन मुठींवर असतो. हात लांब करून मूठ धरली की आकाशात तिची रुंदी साधारण 10 अंश भरते, आणि मुंबई 19 अक्षांशावर असल्यामुळे ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. उत्तरेकडे, म्हणजे ठाण्याच्या दिशेला तोंड करायचं, एकावर एक दोन मुठी मोजायच्या, की ध्रुव. हे गणित अजून बरोबर आहे, पण तारा आमच्या गच्चीवरून दिसायचा बंद झालाय. समोरच्या चार मजली सोसायटीचा पुनर्विकासात टॉवर झाला आणि त्या दोन मुठी त्याने व्यापल्या. पूर्वेला मिठागरांच्या बाजूला थोडं आकाश शिल्लक आहे, पण त्याच्या तळाशी खाडीपलीकडच्या ऐरोलीचे दिवे. आमच्याही सोसायटीची बिल्डरशी बोलणी चालू आहेत, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडाने करणार!

मी शास्त्रज्ञ नाही, शिक्षिकाही नाही. फोर्टातल्या एका बँकेत कारकून म्हणून लागले आणि 2021 साली अधिकारी म्हणून निवृत्त झाले. दोन मुलं, एक नातू. या सगळ्यात स्वतःची म्हणून एकच गोष्ट धरून ठेवली, ती तारे बघण्याची. तिच्यातून पैसा आला नाही, नाव झालं नाही, साधं प्रमाणपत्रही मिळालं नाही. आता साठी उलटल्यावर ‘आपल्याला काय मिळालं’ असं मनाशी विचारते, तेव्हा घर, नोकरी, मुलांची शिक्षणं यांच्याआधी ही बिनफायद्याची गोष्टच जिभेवर येते. आईच्या तोंडी हे बरं दिसत नाही, याची मला कल्पना आहे.

संध्याकाळी बागेत आमच्या वयाच्या बायका बसतात. गुडघे, सुना, परदेशातली नातवंडं असे विषय फिरून फिरून येतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, “आपण काय, सगळं मुलांसाठीच केलं.” सगळ्यांच्या माना डोलतात. त्यात खोटं काही नसतं. पहाटे उठून तीन-तीन डबे भरणाऱ्या, लोकलमध्ये उभ्याने भाजी निवडणाऱ्या, मुलाच्या दहावीला केबल काढून टाकणाऱ्या आणि बारावीला साठवलेली सगळी रजा घेऊन घरी बसणाऱ्या या बायका. तरीही ते वाक्य ऐकलं की मला अवघडायला होतं. जन्म बँकेत गेल्यामुळे असेल, पण त्या वाक्यात मला खतावणी दिसते. आपलं जे जे राहून गेलं ते सगळं मुलाच्या नावे टाकलेलं. त्याने कर्ज मागितलेलं नसतं, कुठे सही केलेली नसते, आणि व्याज मात्र त्याने जन्मभर भरायचं. कधी फोन न केल्याबद्दल, कधी मनासारखं लग्न केल्याबद्दल, कधी नुसतं दूर राहिल्याबद्दल.

माझ्या वेडाची सुरुवात निराशेने झाली. 1986 साली हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून वर्षभर वर्तमानपत्रं भरून वाहत होती. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. एप्रिलमध्ये बँकेतल्या काही जणांबरोबर बदलापूरच्या पुढे एका माळावर गेले. मध्यरात्रीच्या सुमाराला दक्षिणेकडे कुणीतरी बोट दाखवलं. शेपटी नाही, झळाळी नाही, एक धुरकट डाग. “हाच?” असं दहा जणांनी दहा वेळा विचारलं आणि त्यातले नऊ चादर अंथरून झोपले. मी मान वर करून बसले ती पहाटेपर्यंत. धूमकेतूसाठी म्हणून नव्हे. मुंबईत वाढल्यामुळे आकाशात एवढे तारे असतात हेच मला ठाऊक नव्हतं, आणि पंचवीस वर्षं ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली कशी नाही, याचा राग येत होता.

पुढे सायनच्या साधना विद्यालयात बुधवारी संध्याकाळी भरणाऱ्या खगोल मंडळाचा पत्ता लागला. हॅलेच्या निमित्ताने ज्यांना हे वेड लागलं आणि तो गेल्यावरही उतरलं नाही, अशी ती मंडळी. बँक सुटली की सायनला उतरायचं, तासभर ऐकायचं, पुन्हा गाडी धरून मुलुंडला यायचं आणि कुकर लावायचा. हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी कर्जत लोकलने वांगणीला जायचं, रात्र तिथे काढायची आणि पहाटेच्या गाडीने परतायचं.

विश्वाच्या पसाऱ्यात आपण किती क्षुद्र, असं मला तिथे कधी वाटलं नाही. ते बँकेत रोज वाटत होतंच, त्यासाठी वांगणीपर्यंत जायची गरज नव्हती. तिथे वाटायचं ते वेगळंच. पहाटेपर्यंत कुणाला माझ्याकडून काही नको असायचं. कुणी मीठ मागत नव्हतं, पासबुक पुढे करत नव्हतं, डबा कुठे ठेवलाय असं विचारत नव्हतं. आणि हळूहळू हाताला एक कसब आलं. शर्मिष्ठेचे पाच तारे शोधायचे, त्यांच्या दोन कोनांपैकी जास्त टोकदार कोन ज्या दिशेला रोखलेला आहे तिकडे दीड मूठ सरकायचं आणि तिथे दुर्बिणीतून बघायचं. लांबट, फिकट ठिपका दिसतो ती देवयानी दीर्घिका. आपल्यापासून साधारण 25 लाख प्रकाशवर्षं दूर. नकाशा न बघता ती पहिल्यांदा सापडली त्या रात्री मी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून हलवला होता. बढतीचं पत्र हातात पडलं तेव्हा इतकी खूश झाल्याचं मला आठवत नाही.

“रात्रभर बाहेर? आणि मुलं?” हा प्रश्न मला माहेरी, शेजारी, ऑफिसात, सगळीकडे विचारला गेला. ह्यांना तो कुणी विचारला नसता, हे खरंच. पण प्रश्न खोटा नव्हता. मुलं लहान होती, धाकट्याला दम लागायचा. माझा शनिवार माझा राहायचा तो सासूबाईंमुळे. त्या संगमेश्वरकडच्या. उमेद असेपर्यंत शेत केलेलं, मुंबईला आल्या त्या नातवंडांसाठी. आमच्या दोन खोल्यांच्या घरात मुलांना जेवू घालणं, धाकट्याची छाती शेकणं, रात्री दोनदा उठून बघणं, हे सगळं त्यांनी केलं. “काय बघतेस गो एवढं?” असं एकदा विचारलंन्, मला धड सांगता आलं नाही. मग म्हणाल्या, “असूंदे. स्वेटर घे.”

एका मार्चमध्ये त्यांनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्या गोळा करायला दोघी वर गेलो तोवर अंधार पडला होता. मृग जवळजवळ डोक्यावर होता, जरासा पश्चिमेला कललेला. मी म्हटलं, “आई, हा मृग.” त्या परात घेऊन उभ्याच राहिल्या. मी त्याचे चार पाय दाखवले, पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला, खाली त्याच्या मागावर असलेला व्याध दाखवला. सासूबाईंना सगळी नक्षत्रं तोंडपाठ होती. रोहिणी, मृग, आर्द्रा, कुठलं कधी लागतं, त्याचं वाहन काय, पाऊस किती पडेल. पण ती कालनिर्णयातली. आकाशात ती कुठे असतात हे त्यांना कुणी कधी दाखवलं नव्हतं.

“ह्याच्या नावानं जन्मभर भात पेरला,” त्या म्हणाल्या, “आणि हा दिसतो कधी, तर कुरडया घालताना?”

मी समजावलं, की मृग नक्षत्र लागतं तेव्हा, म्हणजे 7-8 जूनला, सूर्यच आकाशाच्या त्या भागात आलेला असतो. त्यामुळे मृग सूर्याबरोबर उगवतो, त्याच्याबरोबर मावळतो आणि उजेडात दिसत नाही. थंडीत सूर्य बरोबर समोरच्या बाजूला जातो, तेव्हा मृग रात्रभर दिसतो. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे काम असतं तेव्हा गायब आणि काम उरकलं की हजर,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरचे पुरुष तसेच.”

त्यानंतर त्या आपणहून गच्चीवर यायला लागल्या. फार वेळ नाही, गुडघे दुखायचे. पण कृत्तिका त्यांना माझ्याआधी दिसायच्या. साठ वर्षं शेत, चूल आणि पोरं यांत गेलेल्या त्या बाईला जर कुणी विशीत मोकळी रात्र दिली असती, तर तिने काय काय शोधून काढलं असतं असं वाटत राहतं. मुलांसाठी सगळं केलं, हे वाक्य म्हणायचा खरा हक्क कुणाला असेल तर त्यांना होता. त्यांनी ते कधी म्हटलं नाही.

संसार आणि स्वतःचं काही, यांचा मेळ घालणाऱ्या बायकांविषयी मी मिळेल ते वाचत आले. त्यात मंगला नारळीकर मला फार जवळच्या वाटतात. 1964 साली मुंबई विद्यापीठात गणिताच्या एम. ए.ला पहिल्या आलेल्या, सुवर्णपदक मिळवलेल्या मंगला राजवाडे. मग कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम, लग्न, केंब्रिज, तीन मुली, सासू-सासऱ्यांचं करणं. आणि 1981 साली, लग्नाला दीडेक दशक उलटल्यावर, संख्या-सिद्धान्तात मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांवरच्या ‘लीलावतीज् डॉटर्स’ या 2008 सालच्या पुस्तकात त्यांनी स्वतःविषयी लिहिलंय त्यात ना फुशारकी, ना रडगाणं. घर आधी आणि गणित त्यातून उरलेल्या वेळात, अशी आपल्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या बायकांची जी गोष्ट तीच आपली, असा त्यांचा सूर आहे. मला त्यात गणित ‘सोडलं’ असं कुठे सापडत नाही, हे महत्त्वाचं वाटतं. उरलेला वेळ थोडा होता, पण तो त्यांनी कुणाच्या नावे टाकला नाही.

त्यांचे पती, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात बनारसच्या घरातल्या फळ्याची हकीकत आहे. मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, बनारसला एम. एस्सी. करायला येऊन त्यांच्याकडे राहिले होते. भाच्याला गणिताची गोडी आहे हे बघून ते फळ्यावर एक अवघड कोडं लिहून ठेवत. उत्तर सांगत नसत. भाचा सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते कोडं तिथेच. पालकांच्या मेळाव्यात ही गोष्ट हमखास सांगितली जाते आणि ऐकणारे घरी जाऊन फळा विकत आणतात. पण तो मामा कुणाला ‘घडवायला’ आला नव्हता. तो स्वतः गणित शिकायला आला होता, त्यात बुडालेला होता, आणि त्याच्या अंगचं थोडं फळ्यावर सांडलं.

अर्थात प्रत्येक बाईला संगमेश्वरची सासू मिळत नाही. फलटणच्या बेबी कांबळे आपल्या किराणा दुकानात बसून गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत आणि घरच्यांना कळू नये म्हणून कागद वर्षानुवर्षे लपवून ठेवत. त्यांचं ‘जिणं आमुचं’ हे आत्मचरित्र पुस्तकरूपात आलं ते 1986 साली, मी माळावर बसून धूमकेतूवर चिडले होते त्याच वर्षी. मला रात्रभर घराबाहेर राहायला मिळालं, त्यांना स्वतःच्या दुकानात पाच मिनिटंही चोरावी लागली. ‘मनात असलं की जमतं’ असं म्हणणाऱ्या लोकांशी म्हणूनच माझं पटत नाही. मनात पुष्कळांच्या असतं. जमतं ते कुणीतरी आपला भार उचलतं तेव्हा. आणि कुणीच उचलत नाही तरी ज्या करतात, त्यांच्यापुढे आपण नुसते हात जोडावेत, त्यांचा दाखला देऊन इतर बायकांना शहाणपण शिकवू नये.

आता माझ्या मुलांचं. त्यांना आकाशाची आवड लागली नाही. अजिबात नाही. 8 जून 2004 रोजी शुक्राचं अधिक्रमण होतं, शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. त्याआधीचं 1882 साली झालेलं, म्हणजे तेव्हा जिवंत असलेल्या कुणीही ते पाहिलेलं नव्हतं. मी रजा टाकली, गच्चीवर दुर्बीण तिवईला बांधली आणि सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतली. पुठ्ठ्यावर सूर्याचं बोटभर वर्तुळ आणि त्याच्या कडेला काळा, रेखीव, गोल ठिपका. मी मुलांना हाका मारून वर आणलं. मुलगी सोळा वर्षांची, मुलगा चौदाचा.

“एवढासाच?” मुलगा म्हणाला.

“अरे, यानंतर 2012 ला एकदा, आणि मग थेट 2117!”

“मग 2012 ला बघतो,” असं म्हणून तो खाली गेला. मुलीने माझ्या समाधानासाठी आणखी मिनिटभर पुठ्ठ्याकडे बघितलं आणि उन्हाने डोकं दुखतंय म्हणाली. सासूबाई मात्र टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून दुपारभर बसल्या होत्या. मृग लागायचेच दिवस होते ते.

मला वाईट वाटलं नाही असं म्हणता येणार नाही. पण त्या दुपारी एक गोष्ट कळली. मुलांना आवडलं नाही म्हणून त्या काळ्या ठिपक्याची गंमत माझ्यासाठी तसूभरही कमी झाली नव्हती. माझं ते माझंच होतं. तो छंद त्यांच्यासाठी जोपासला असता, त्यांना ‘विज्ञानाची गोडी लागावी’ म्हणून, तर त्या दिवशी तो फसला असता आणि मी त्यांच्यावर रुसले असते. आता ते दोघं मोकळे होते, मीही.

मुलगी आज अंधेरीत काम करते. नोकरीच्या सुरुवातीला घाटकोपरला उतरून बसने जायची, असल्फा आणि साकीनाक्याच्या कोंडीत रोजचा तास-दीड तास. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. 11.4 किलोमीटर, 12 स्थानकं, आणि घाटकोपरहून अंधेरी वीस मिनिटांच्या आत. उपनगरातल्या माणसाला वाचलेला तास म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. बऱ्याच जणांचा तो तास ऑफिसनेच गिळला. लेकीने तो काही काळ तसा जाऊ दिला, आणि मग मुलगा शाळेत जायला लागल्यावर, तिशी उलटल्यावर पोहायला शिकायचं ठरवलं. महापालिकेच्या तरणतलावात नाकातोंडात पाणी जात, लहान मुलांसोबत कठड्याला धरून पाय मारत शिकली. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी ती घरात नसते. मी एकदा सहज म्हटलं, “चांगलं केलंस, स्वतःसाठी काहीतरी.” तिने माझ्याकडे बघितलं. “तुझ्या वांगणीसारखं काही नाहीये हं ते. माझी पाठ दुखते.”

असेल. पण पाठ दुखणाऱ्या सगळ्या बायका पोहायला जात नाहीत, आणि जाताना घरातल्या प्रत्येकाची माफी मागत नाहीत अशा तर थोड्याच. ती मागत नाही. निघताना मुलाला “मी येते आठपर्यंत” एवढंच सांगते. ते ती कुठून शिकली हे मी तिला विचारलेलं नाही.

मुलाला असं काही अजून सापडलेलं नाही. खाडीपुलावरून ऐरोलीला कामाला जातो, दमून येतो, मोबाइल बघत झोपतो. त्याला काहीतरी सुचवावं असं फार वाटतं आणि मी गप्प बसते, कारण सुचवलेला छंद हा गृहपाठच असतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली आला तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. वेळ टळून गेली असं यात काही नसतं, एवढं मात्र मी त्याला एकदा सांगितलंय. तो म्हणाला, “आई, मी पस्तिशीचा आहे, मला आत्ताच पासष्टीत पोचवू नकोस.”

हॅलेचा धूमकेतू 9 डिसेंबर 2023 रोजी सूर्यापासूनच्या सर्वांत दूरच्या टोकाला पोचला आणि परत फिरला. 2061 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तो इथे असेल. मी तेव्हा शंभरीची असेन, म्हणजे नसेनच. मुलगी त्र्याहत्तरची, मुलगा एकाहत्तरचा. आमची आई याच्यासाठी एका माळावर जाऊन बसली होती, असं त्यांनी नातवंडांना सांगावं, असा एक हळवा विचार मनात येतो. तो मी तिथल्या तिथे खोडून टाकते. जुलै महिना आहे, ढग असतील, झोप येत असेल तर त्यांनी खुशाल झोपावं.

मुलांना द्यायचा धडा म्हणून माझ्यापाशी जे आहे ते एवढंच, आणि ते सांगण्यापेक्षा करूनच द्यावं लागतं. स्वतःचं काही असू द्या. ते कुणाच्या जिवावर चाललंय हे विसरू नका. आणि आपली पाळी आली की दुसऱ्याचा भार उचला. लेकीच्या पोहण्याच्या दोन संध्याकाळी नातू माझ्याकडे असतो. त्याला आकाश दाखवायचा मी प्रयत्न करत नाही, आम्ही पत्ते खेळतो. सासूबाईंचं देणं असं सुनेकडून नातीकडे फिटतंय.

आता लेकीला आठवड्याच्या त्या दोन संध्याकाळी पुरेनाशा झाल्यात. शनिवारी सकाळी खोल पाण्यात सराव असतो, त्यामुळे शुक्रवारी रात्रीच मुलाला माझ्याकडे झोपायला पाठवते आणि शनिवारीही रात्रीपर्यंत ठेवलं तर बरं, असं तिने परवा सुचवलं. “तू तर रिटायर झालीयेस ना आता,” असंही म्हणाली. मी कालनिर्णय काढून तिला डिसेंबरची अमावास्या दाखवली.

“बाकीचे शनिवार तुझे,” मी म्हटलं. “या शनिवारी मी वांगणीला आहे. नवऱ्याला सांग.”